पाच वाजत आले, साठी टेकली, हजाराच्या घरात गेले: इंग्रजीत नेमके कसे म्हणाल?

वेळ, संख्या किंवा वय इंग्रजीत अंदाजाने सांगायचे म्हटले की आपली सगळी मदार ‘अबाउट’ आणि ‘अप्रॉक्सिमेटली’ या दोन शब्दांवर असते. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे ते मात्र हे काम बऱ्याचदा एखाद्या साध्या क्रियापदाकडून आणि त्याला चिकटलेल्या ‘ऑन’, ‘अप’, ‘फॉर’ अशा छोट्या शब्दांकडून करून घेतात. या फ्रेजल व्हर्ब्जविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

उत्तरे वाचताना एकच गोष्ट धरून ठेवा: आकडा अजून गाठायचा आहे की ओलांडून झाला आहे? मराठीत आपण हे न चुकता सांगतो. ‘पाच वाजत आले’ आणि ‘पाच वाजून गेले’ यांत शाळकरी मूलही गल्लत करत नाही. इंग्रजी शब्द निवडताना आधी तीच बाजू ठरवायची, शब्द त्यानंतर शोधायचा.

प्रश्न : एका ब्रिटिश कादंबरीत ‘इट वॉज गेटिंग ऑन फॉर मिडनाइट’ असे वाक्य आले. ‘गेट ऑन’ म्हणजे पटणे किंवा प्रगती होणे, असे आम्ही शिकलो. इथे काय अर्थ घ्यायचा? (कोल्हापूर)

‘मध्यरात्र होत आली होती.’ बारा वाजायला थोडा अवकाश होता, वाजले नव्हते. इथे सगळा अर्थ ‘फॉर’मध्ये आहे. तो काढला की वाक्य दुसरीकडेच जाते. एकाच ‘गेट ऑन’ची ही रूपे शेजारी ठेवून पाहा. ‘हाउ आर यू गेटिंग ऑन?’ म्हणजे कसे काय चालले आहे? ‘दे डोन्ट गेट ऑन’ म्हणजे त्यांचे एकमेकांशी पटत नाही. ‘ही इज गेटिंग ऑन’ म्हणजे आता त्यांचे वय झाले. ‘इट्स गेटिंग ऑन’ म्हणजे उशीर होत चालला. आणि ‘ही इज गेटिंग ऑन फॉर एट्टी’ म्हणजे ते ऐंशीला आले. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ‘ही इज गेटिंग ऑन एट्टी’. ऐकणारा ‘वय झाले’पर्यंत पोचतो आणि पुढच्या आकड्यावर अडखळतो.

हा प्रयोग नेहमी चालू काळात येतो. ‘इट इज गेटिंग ऑन फॉर’, ‘इट वॉज गेटिंग ऑन फॉर’, ‘इट विल बी गेटिंग ऑन फॉर टेन बाय द टाइम वुई रीच’ ही सगळी बरोबर. ‘इट गेट्स ऑन फॉर टेन’ असे कोणी म्हणत नाही. मराठीतही ‘वाजत आले’, ‘होत आले’ असा सरकता काळच लागतो, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपे जाते.

पुढचा आकडा मात्र गोल हवा. तासात पूर्ण किंवा अर्धा तास, वयात दहाच्या पटीतला आकडा, संख्येत शंभर, दोनशे, पाच हजार. ‘गेटिंग ऑन फॉर सेव्हन्टी-थ्री’ कानाला खटकते, कारण ७३ हा आकडाच अंदाजाचा वाटत नाही. किती अलीकडे असेल तर चालते? ठोकळमानाने, वेळेत दहापंधरा मिनिटे, वयात एकदोन वर्षे आणि दोनशे माणसांत दहापंधरा माणसे. ७४ वर्षांच्या माणसाला ‘गेटिंग ऑन फॉर एट्टी’ म्हटले तर ते वय वाढवून सांगणे होईल. ८१ वर्षांच्या माणसाला तर ते लागूच होत नाही, कारण ऐंशी मागे पडली.

संख्येसाठी हा शब्दगट थेट आकड्याच्या आधी बसतो: ‘देअर वेअर गेटिंग ऑन फॉर टू हंड्रेड पीपल इन द हॉल.’ सभागृहात दोनशेला थोडी कमी माणसे होती.

याचीच भावंडे तीन. ‘गोइंग ऑन फॉर’चा अर्थ तोच आहे. ‘नॉकिंग ऑन फॉर’ फार घरगुती, मित्रांत बोलताना. ‘कमिंग अप टू’ हे मुख्यतः वेळ आणि वयासाठी, आणि घड्याळाच्या बाबतीत ते मिनिटापर्यंतही चालते. रेडिओवरचा ब्रिटिश निवेदक ‘इट्स कमिंग अप टू ट्वेल्व्ह मिनिट्स टू एट’ असे सहज म्हणतो. ही सगळी ब्रिटिश वळणाची इंग्रजी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी ‘कमिंग अप टू’ऐवजी ‘कमिंग अप ऑन’ म्हणावे आणि ‘गेटिंग ऑन फॉर’च्या जागी ‘गोइंग ऑन’ किंवा साधे ‘ऑलमोस्ट’ वापरावे.

प्रश्न : मग ‘सहा वाजून गेले’ला काय म्हणायचे? ‘इट इज गॉन पास्ट सिक्स’ चालेल का? (रत्नागिरी)

‘गॉन’ आणि ‘पास्ट’ दोन्ही एकत्र नकोत. ब्रिटनमध्ये ‘इट्स गॉन सिक्स’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः आपले ‘सहा वाजून गेले’. नुकतेच वाजले असतील तर ‘इट्स जस्ट गॉन सिक्स’. अमेरिकेत ‘इट्स पास्ट सिक्स’ किंवा ‘अ लिटल आफ्टर सिक्स’.

प्रश्न : माझ्या मुलीला पाचवे वर्ष चालू आहे. बालवाडीच्या मुलाखतीत ‘शी इज रनिंग फाइव्ह’ म्हटले, तर बाईंनी ‘म्हणजे पूर्ण किती?’ असे विचारले. योग्य वाक्य कोणते? (ठाणे)

‘शी इज फोर, गोइंग ऑन फाइव्ह.’

मुळात इथे भाषेचा नाही, मोजणीचा फरक आहे. मराठीत आपण चालू वर्ष सांगतो: पाचवे लागले, पाचवे चालू आहे. इंग्रजीत फक्त पूर्ण झालेली वर्षे मोजतात आणि वरचे महिने सोडून देतात. चार वर्षे अकरा महिन्यांचे मूलसुद्धा इंग्रजीत ‘फोर’च. ‘रनिंग फाइव्ह’ हे ‘पाचवे चालू’चे शब्दशः रूप आहे आणि भारताबाहेर ते कोणाला कळत नाही. भारतातही ऐकणारा पाच पूर्ण समजेल की चार, याची खात्री नाही. ‘फोर, गोइंग ऑन फाइव्ह’मध्ये पूर्ण झालेले आणि चालू असलेले, दोन्ही आकडे आले, म्हणजे मराठीत सांगायचे होते ते सगळे आले. ब्रिटनमध्ये शाळाप्रवेशाच्या संदर्भात ‘राइझिंग फाइव्ह’ असाही शब्द आहे: लवकरच पाच पूर्ण होणारे मूल.

फॉर्मवर मात्र यांपैकी काहीच लिहू नका. तिथे जन्मतारीख आणि पूर्ण झालेली वर्षे व महिने एवढेच लिहायचे.

एक सावधगिरी. दोन आकड्यांत मोठे अंतर ठेवले तर अर्थ पार बदलतो. ‘शी इज फाइव्ह गोइंग ऑन फिफ्टीन’ म्हणजे वय पाच, पण बोलणे-वागणे पंधरा वर्षांच्या मुलीसारखे. कौतुकाने म्हणतात, पण मुलाखतीत नको.

‘गोइंग ऑन’ कालावधीलाही लागते. ‘वुई हॅव लिव्हड हिअर गोइंग ऑन ट्वेन्टी इयर्स’ म्हणजे आम्हाला इथे वीस वर्षे होत आली. एकोणीस पूर्ण झाली आहेत, विसावे चालू आहे, अशा वेळी हे वाक्य चपखल बसते.

प्रश्न : वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका इंग्रजीतही काढायची आहे. ‘इन हिज एट्टी-फर्स्ट इयर’ लिहू की ‘एट्टी-वन इयर्स’? (न्यू जर्सी)

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. अशा हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षे आणि साधारण १० महिने लागतात. म्हणजे वडिलांचे वय पूर्ण ८०, एक्याऐंशीवे चालू. ‘इन हिज एट्टी-फर्स्ट इयर’ हे हिशेबाने अगदी बरोबर आहे. पण ते वाचून बरेच इंग्रजी वाचक ८१ पूर्ण झाली असे समजतात, कारण चालू वर्ष मोजायची त्यांना सवय नाही. तुमच्या भागात विधी कोणत्या वयात करतात याप्रमाणे आकडा बदलेल, पण रचना अशी ठेवा: आधी ‘हॅविंग सीन अ थाउजंड फुल मून्स’, आणि वय सांगायचेच असेल तर पूर्ण वर्षांचा आकडा, ‘ॲट द एज ऑफ एट्टी’. छापील निमंत्रणात ‘गोइंग ऑन एट्टी-वन’ शोभत नाही. ते बोलण्यातले आहे.

प्रश्न : ‘साठीला टेकले’ आणि ‘साठीच्या घरातले’ यांना इंग्रजीत काय म्हणावे? ‘पुशिंग सिक्स्टी’ हे उद्धट वाटते का? (पुणे)

‘पुशिंग सिक्स्टी’ म्हणजे साठीला टेकले. अजून पूर्ण व्हायची आहेत, पण फार दूर नाहीत. हे साधारण तिशीपासून पुढच्या वयांना लावतात. लहान मुलाला लावले तर ती गंमत होते. ‘पुशिंग’नंतर लगेच आकडा येतो, मध्ये ‘टू’ घालू नका. भूतकाळात ‘ही पुश्ड सिक्स्टी’ होत नाही, ‘ही वॉज पुशिंग सिक्स्टी’ असेच म्हणतात.

उद्धट आहे का? पाठीमागे, मित्रमंडळीत चालते. समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांबद्दल, सत्काराच्या भाषणात किंवा परिचयपत्रात नाही. त्यात ‘वय झाले की आता’ असा सूर असतोच. तिथे ‘निअरिंग सिक्स्टी’ किंवा ‘अप्रोचिंग सिक्स्टी’ म्हणा. आणि इथेच मराठी माणसाचा ‘ला’ हळूच आत शिरतो. ‘साठीला पोचणे’ डोक्यात असल्यामुळे ‘अप्रोचिंग टू सिक्स्टी’, ‘निअरिंग टू सिक्स्टी’, ‘रीच्ड टू सिक्स्टी’ अशी वाक्ये तयार होतात. तिन्ही चूक. ही क्रियापदे आकडा थेट घेतात.

‘साठीच्या घरात’चे थोडे अवघड आहे. मराठीत ५८ वर्षांच्या माणसालाही आपण साठीच्या घरातला म्हणतो आणि ६४ वर्षांच्यालाही. इंग्रजीतले ‘इन हिज सिक्स्टीज’ काटेकोरपणे ६० ते ६९ आहे. ५८ वर्षांचा माणूस ‘इन हिज लेट फिफ्टीज’. साठीनंतरच्या पहिल्या तीनेक वर्षांना ‘अर्ली सिक्स्टीज’, मधल्यांना ‘मिड’, शेवटच्या तीनेक वर्षांना ‘लेट’. ‘हिज’ किंवा ‘हर’ गाळू नका. ‘ही इज इन द सिक्स्टीज’ म्हटले तर तो माणूस १९६०च्या दशकात वावरतो असा अर्थ होतो. ‘साठी उलटली’ला ‘शी इज पास्ट सिक्स्टी’, आणि नुकतीच पूर्ण झाली असेल तर ‘शी हॅज जस्ट टर्न्ड सिक्स्टी’.

प्रश्न : आमचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. इंग्लंडच्या ग्राहकाला ‘वुई हॅव राउंडेड ऑफ द अमाउंट’ असे लिहिले, तर त्याने ‘अप ऑर डाउन?’ असे विचारले. ‘राउंड ऑफ’ चुकीचे आहे का? (लातूर)

चुकीचे नाही. आपल्या शाळांत आणि कायद्यांत हाच शब्द आहे. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७० च्या शीर्षकातच ‘राउंडिंग ऑफ’ आहे: कर, व्याज, दंड यांच्या रकमेत ५० पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर पैसे सोडून द्यायचे. म्हणजे आपल्याकडे ‘राउंड ऑफ’चा अर्थ जवळच्या रुपयाकडे नेणे. पण ब्रिटिश माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘राउंड ऑफ’ म्हणजे एखादी गोष्ट छान शेवट करून संपवणे. जेवणाचा शेवट मिठाईने झाला तर तेही ‘राउंडेड ऑफ’. पैशांचे म्हटले की त्याला पहिली शंका हीच येते की वाढवले की कमी केले.

म्हणून तीन प्रयोग वेगळे ठेवा. ‘राउंड अप टू’ म्हणजे वरच्या गोल आकड्याला नेणे, ‘राउंड डाउन टू’ म्हणजे खालच्या, ‘राउंड टू द निअरेस्ट’ म्हणजे जो जवळचा असेल त्या आकड्याला. बिल १,२४७ रुपये ४० पैशांचे असेल तर जवळच्या रुपयाला १,२४७, जवळच्या दहाला १,२५०, जवळच्या शंभराला १,२००. पण शंभराच्या पटीत ‘राउंड अप’ केले तर १,३००. एकाच बिलाचे चार आकडे झाले. ग्राहकाला लिहायचे ते असे: ‘वुई हॅव राउंडेड द टोटल डाउन टू १,२४७.’ दिशा आणि अंतिम रक्कम दोन्ही एका वाक्यात आल्यावर प्रश्न उरत नाही.

हिशेबात इथे आणखी एक चूक होते आणि ती पैशांत पडते: एकदा गोल केलेला आकडा पुन्हा गोल करणे. १,२४४ रुपये ६० पैसे घ्या. आधी रुपयाला गोल केले, १,२४५ झाले. मग दहाला, १,२५०. मग शंभराला, १,३००. मूळ रक्कम थेट शंभराला गोल केली असती तर १,२०० आली असती. पायरीपायरीने जाताना १०० रुपये हवेतून आले. नियम असा की गोल करणे एकदाच, आणि तेही मूळ आकड्यापासून.

टक्केवारीतही हेच दिसते. ३३.४, ३३.४ आणि ३३.२ यांची बेरीज १००. प्रत्येक आकडा गोल केला की ३३, ३३, ३३, बेरीज ९९. अहवालात अशा तक्त्याखाली ‘फिगर्स मे नॉट ॲड अप टू १०० बिकॉज ऑफ राउंडिंग’ एवढी ओळ टाकतात. यातले ‘टू १००’ विसरू नका. नुसते ‘द फिगर्स डोन्ट ॲड अप’ म्हटले की हिशेबात काहीतरी काळेबेरे आहे असा सूर लागतो.

‘राउंड’चे आणखी दोन प्रयोग माहीत असलेले बरे. ‘राउंड अप’ म्हणजे गुरे किंवा माणसे गोळा करून आणणे असाही अर्थ आहे. ‘राउंड ऑन’ म्हणजे एखाद्यावर अचानक तोंडसुख घेणे.

प्रश्न : मराठी बातम्यांचे इंग्रजी भाषांतर करते. ‘नुकसान लाखांच्या घरात’, ‘पोलिसांच्या अंदाजानुसार पाच हजारांची गर्दी’, ‘माणशी साधारण साडेतीनशे पडले’ अशा वाक्यांना दर वेळी ‘अप्रॉक्सिमेटली’ लावून कंटाळा आला. (नागपूर)

तिन्हींना वेगळी क्रियापदे आहेत आणि तिन्ही छापील मजकुरात चालतात.

‘लाखांच्या घरात’ला ‘रन इन्टू’: ‘द लॉसेस रन इन्टू लाख्स.’ नेमका आकडा नाही, पण मजल कुठवर गेली ते कळते. परदेशी वाचकासाठी लिहिताना लाख, कोटी चालत नाहीत. तिथे ‘रन इन्टू सिक्स फिगर्स’, म्हणजे एक लाखापासून पुढे, आणि ‘सेव्हन फिगर्स’, म्हणजे दहा लाखांपासून पुढे. याच्या शेजारी ‘रन टू’ ठेवून पाहा: ‘द रिपोर्ट रन्स टू ३०० पेजेस’, अहवाल तीनशे पानांचा आहे. इथे अंदाज नसून लांबी आहे. आणि नकारात ‘माय बजेट वोन्ट रन टू अ टॅक्सी’ म्हणजे टॅक्सीइतके पैसे माझ्यापाशी नाहीत. ‘रन अप’ म्हणजे बिल किंवा उधारी साचवत नेणे. एका अक्षराने अर्थ फिरतो, म्हणून भाषांतरात हे चारही तपासून घ्या.

‘पोलिसांच्या अंदाजानुसार’ला ‘पुट ॲट’: ‘द पोलीस पुट द क्राउड ॲट ५,०००.’ अंदाज कोणाचा ते कर्त्यात येते, आकडा ‘ॲट’नंतर. ‘अकॉर्डिंग टू द एस्टिमेट ऑफ द पोलीस’ची लांबण वाचते. कर्मणी रूपही सर्रास येते: ‘द डॅमेज वॉज पुट ॲट...’. वयालाही चालते: ‘आय वुड पुट हर ॲट अबाउट फॉर्टी’, मला तरी त्या चाळीसच्या आसपासच्या वाटतात. ‘पुट टू’ लिहू नका. आणि ‘ॲट’ऐवजी चुकून ‘डाउन’ पडले तर ‘पुट डाउन’ होते, म्हणजे कमी लेखणे, आणि प्राण्याबाबत तर इंजेक्शन देऊन मारणे.

‘माणशी किती पडले’ला ‘वर्क आउट’: १२ जणांचे बिल ४,२६० झाले, तर ‘द बिल केम टू ४,२६०, विच वर्क्स आउट ॲट ३५५ ईच.’ ‘कम टू’ म्हणजे बेरीज किती झाली, ‘वर्क आउट’ म्हणजे भागाकार करून किती निघाले. दोन्ही तशी नेमक्या आकड्याची क्रियापदे आहेत. अंदाज करायचा असेल तर पुढे ‘जस्ट ओव्हर ३५० ईच’ असे जोडा. ब्रिटिश ‘वर्क्स आउट ॲट’ म्हणतात, अमेरिकन ‘वर्क्स आउट टू’. खर्च महिन्यागणिक कमीजास्त होत असेल तर ‘इट ॲव्हरेजेस आउट ॲट...’, सरासरी इतके पडते.

प्रश्न : ‘ट्वेन्टी ऑड पीपल’ बरोबर आहे ना? आणि ‘पाच-सात’, ‘दहा-बारा’, ‘पाच-पन्नास’ यांचे काय करायचे? (सांगली)

लिहिताना मधली आडवी रेघ हवीच. ‘ट्वेन्टी-ऑड पीपल’ म्हणजे वीसपेक्षा थोडी जास्त माणसे. रेघ काढली की वीस विचित्र माणसे. आणि बाजू पाहा: हे विसाच्या वरचे आहे. मराठीतले ‘वीसेक’ १८ लाही चालते आणि २२ लाही, म्हणून ‘वीसेक’ला ‘ट्वेन्टी ऑर सो’ किंवा ‘अबाउट ट्वेन्टी’ अधिक जवळचे.

आता आपल्या जोड्या. मराठीत दोन आकडे शेजारी ठेवले की अंदाज होतो, मध्ये काही लागत नाही. इंग्रजीत मध्ये ‘ऑर’ लागतोच: ‘टू ऑर थ्री’, ‘टेन ऑर ट्वेल्व्ह’, ‘फिफ्टीन ऑर ट्वेन्टी’. ‘टू थ्री पीपल केम’ हे भारतीय कानालाच बरोबर वाटते. शिवाय आपण मधला आकडा सोडून उडी मारतो: दोन-चार, पाच-सात. इंग्रजीत लहान आकडे बहुधा लागोपाठचे घेतात, म्हणून ‘पाच-सात जण’ म्हणजे ‘सिक्स ऑर सेव्हन’, आणि ‘दोन-चार दिवसांत’ म्हणजे ‘इन अ फ्यू डेज’.

‘पाच-पन्नास माणसे जमली’ यात तर पाचही खरे नाहीत आणि पन्नासही. ‘बरीच म्हणावी इतकी, पण मोजली नाहीत’ एवढाच अर्थ. ‘फाइव्ह टू फिफ्टी’ लिहिले तर वाचणाऱ्याला ती खरोखरची मर्यादा वाटेल. ‘अ फ्यू डझन पीपल’ लिहा. ‘पाच-पंचवीस रुपयांसाठी कशाला भांडता’ला ‘ओव्हर अ फ्यू रुपीज’ पुरे.

प्रश्न : आयेल्ट्सच्या ॲकॅडेमिक लेखन परीक्षेत आलेखाचे वर्णन करताना फ्रेजल व्हर्ब्ज वापरावेत का? ‘टू मेनी अप्रॉक्सिमेटली’ असा शेरा मिळाला. (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नाला किमान १५० शब्द आणि साधारण २० मिनिटे असतात. तेवढ्यात प्रत्येक आकड्यामागे ‘अप्रॉक्सिमेटली’ लावले तर ते दहाबारा वेळा येणारच. फ्रेजल व्हर्ब्ज वापरा, पण सूर सांभाळून. ‘गेटिंग ऑन फॉर’, ‘पुशिंग’, ‘नॉकिंग ऑन’ नकोत, ती बोलण्यातली आहेत. ‘लेव्हल ऑफ ॲट’ (वाढ थांबून रेषा आडवी होणे), ‘बॉटम आउट ॲट’ (तळ गाठणे), ‘मेक अप’ (एकूणात वाटा असणे) ही चालतात. ‘लेव्हल ऑफ’नंतर ‘टू’ नाही, ‘ॲट’. ‘बॉटम आउट’ तेव्हाच, जेव्हा त्यानंतर रेषा पुन्हा वर जाते किंवा स्थिर राहते. घसरण आलेखाच्या कडेपर्यंत चालूच असेल तर तळ अजून दिसलेला नाही.

‘अप्रॉक्सिमेटली’ची जागा बाजू दाखवणाऱ्या शब्दांना द्या. २४ टक्के म्हणजे ‘जस्ट अंडर अ क्वार्टर’, २६ म्हणजे ‘जस्ट ओव्हर अ क्वार्टर’, ३४ म्हणजे ‘जस्ट ओव्हर अ थर्ड’, ४८ म्हणजे ‘निअरली हाफ’, ६६ म्हणजे ‘अल्मोस्ट टू थर्ड्स’. ‘निअरली’ आणि ‘ऑलमोस्ट’ नेहमी खालच्या बाजूचे. ५२ टक्क्यांना ‘निअरली हाफ’ लिहिले तर आलेख चुकीचा वाचला असे ठरते.

आणखी एक, ज्यात गुण हमखास जातात. ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले तर ‘रोझ टू ६०’ किंवा ‘रोझ बाय २० पर्सेंटेज पॉइंट्स’. ‘रोझ बाय २० पर्सेंट’ चूक, कारण ४० चे २० टक्के म्हणजे फक्त ८.

प्रश्न : ‘पाचपर्यंत येतो’ला ‘आय विल कम टिल फाइव्ह’ म्हणतो. आणि कार्यालयीन मेलमध्ये ‘फाइव्ह-इश’ लिहिले तर? (मडगाव)

‘बाय फाइव्ह’. ‘टिल’ म्हणजे पाच वाजेपर्यंत एखादी गोष्ट चालूच राहणे: ‘आय विल बी हिअर टिल फाइव्ह’, मी पाचपर्यंत इथे आहे. येणे हे एकदाच घडते, म्हणून तिथे ‘बाय’, आणि त्यात पाचच्या आत येण्याची हमी असते. हमी द्यायची नसेल तर ‘अराउंड फाइव्ह’, पाचच्या पुढेमागे. ‘टुवर्ड्स फाइव्ह’ म्हणजे पाच वाजायच्या सुमारास, पण पाचच्या अलीकडे.

संख्येतही ‘पर्यंत’ असेच फसवते. ‘पन्नासपर्यंत माणसे येतील’ म्हणताना आपल्या मनात ‘सुमारे पन्नास’ असते, पाचदहा जास्त आली तरी काही बिघडत नाही. ‘अप टू फिफ्टी’ म्हणजे मात्र जास्तीत जास्त पन्नास, एकही वर नाही. केटररला हे लिहून दिले आणि साठ आले तर दहा पाने कमी पडतील. ‘अबाउट फिफ्टी, पॉसिब्ली सिक्स्टी’ असे लिहा. ‘अप’ आणि ‘टू’ हे दोन शब्द आहेत, जोडून लिहू नका.

‘फाइव्ह-इश’ मित्राला पाठवायच्या निरोपात चालते. बैठकीच्या वेळेसाठी नाही, आणि ज्याला तुमच्या वेळेवर पुढचे काम लावायचे आहे त्याच्यासाठी तर नाहीच. त्याला ‘बिट्वीन फाइव्ह अँड क्वार्टर पास्ट’ असे लिहा.